सिंगल-फिन बोर्डसाठी फिन निवडताना: आधी सरकवा, मग विकत घ्या

माझा पहिला लाँगबोर्ड, म्हणजे लांब सर्फबोर्ड, सेकंडहँड होता. ९ फूट ४ इंच, उन्हाने थोडा पिवळा पडलेला, आणि बुडाला एक १० इंची उभी फिन, म्हणजे पाण्यात शिरणारं पातं, होडीच्या सुकाणूसारखं. गोव्यातल्या मांद्र्याच्या कमरेएवढ्या लाटांवर हा बोर्ड एकदा सरळ निघाला की सरळच जायचा. वळवायचा म्हटलं की भरल्या एसटीत मागच्या दारातून पुढे सरकताना निघतो तसा घाम निघायचा. दोन महिने मी दोष स्वतःच्या पायांना दिला, मग बोर्डाला दिला, आणि शेवटी ऑनलाइन दुसरी फिन मागवली. ती आल्यावर जुनी काढायला बसलो तेव्हा दिसलं की ती बॉक्सच्या, म्हणजे फिन बसते त्या लांब खाचेच्या, अगदी मागच्या टोकाला भिडवून आवळलेली होती. म्हटलं, बघू तर खरं. तीच फिन इंचभर पुढे घेतली आणि पाण्यात गेलो. नव्या फिनचं पाकीट त्यानंतर तीन आठवडे तसंच पडून होतं.

तेव्हापासून कुणी "कुठली फिन घेऊ?" असं विचारलं की मी आधी विचारतो, "आत्ता आहे ती कुठे बसवली आहेस?" आधी फिनची जागा, मग तिचं माप, मग आकार आणि सगळ्यात शेवटी ती किती लवते, असा माझा क्रम आहे. विकणारे बहुतेकदा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, जागा बदलायचे कुणी पैसे देत नाही.

एवढंसं पातं करतं काय

हवाईतल्या जुन्या लाकडी बोर्डांना फिन नव्हतीच. दिशा बदलायची तर एक पाय पाण्यात घालून ओढायचा, आणि लाट उभी झाली की टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, घसरायची ती घसरायचीच. १९३५ मध्ये वायकिकीला टॉम ब्लेकने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीच्या तळाची धातूची पट्टी आपल्या बोर्डाखाली लावली. फूटभर लांब आणि जेमतेम ४ इंच खोल. आपण आज ज्यावर डोकं खाजवतो त्या सगळ्या फिन्सची ती आजी. गंमत म्हणजे त्याच काळात होनोलुलूतल्या काही तरुणांनी याच दुखण्यावर अगदी वेगळं औषध काढलं होतं. त्यांनी फिन लावली नाही, बोर्डाची टेलच तासून निमुळती केली, म्हणजे ती आपसूक पाण्यात रुतून बसते. त्या बोर्डांना हॉट कर्ल म्हणत. या दोन्ही उत्तरांचं नातं माप ठरवताना कामाला येतं. टेल जितकी रुंद, तितकं फिनवर काम जास्त. टेल निमुळती असेल तर थोड्या फिनवरही भागतं.

फिनची पकड हाताला जाणवून घ्यायची असेल तर बादलीभर पाण्यात उलथणं घ्या. पातं उभं धरून धारेच्या दिशेने पुढे ओढा. काही अडत नाही. आता तेच किंचित तिरकं करून ओढा, हात एका बाजूला ढकलला जाईल. हा बाजूचा जोर म्हणजे फिनची सगळी कमाई. वळताना बोर्ड तिरका होतो, फिनवर पाणी तिरकं येतं, आणि त्या जोरावर टेल लाटेला धरून राहते. उलथणं फारच आडवं केलंत तर पाण्यात भोवरे उठतात आणि तो जोर एकदम नाहीसा होतो. बोर्डावर हे घडतं तेव्हा टेल सटकते आणि आपण पाठीवर पडतो.

तीन फिनच्या बोर्डावर, म्हणजे १९८१ मध्ये सायमन अँडरसनने ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकून जी मांडणी जगभर रुजवली तीत, हे काम तिघींत वाटलेलं असतं. सिंगल-फिनवर एकटीच सगळं बघते, त्यामुळे तिची चूक झाकायला कुणी नाही. पण एकच गोष्ट बदलली तरी फरक लगेच पायाला कळतो, आणि शिकायला हे फार बरं पडतं.

पहिली पायरी: बॉक्स ओळखा

काहीही मागवण्याआधी बोर्ड उलटा करा. टेलजवळ मधोमध एक लांब खाच दिसेल. तीच फिन बॉक्स. लाँगबोर्डवर तिची लांबी बहुधा साडेदहा इंचांच्या आसपास असते, काही मध्यम लांबीच्या बोर्डांवर आखूडही असते. आत दोन्ही भिंतींना पन्हाळीसारखे खोबणीचे रूळ असतात आणि मध्यावर त्या रुळांत उतरायला एक तोंड असतं. या प्रकाराला बहुतेकजण यूएस बॉक्स म्हणतात. एका कंपनीची फिन दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला बसते हा याचा मोठा गुण.

खाच नसेल तर तीन शक्यता असतात. एक, फिन थेट बोर्डालाच चिकटवलेली आहे. जुन्या आणि काही हौशी बोर्डांवर अशी असते. तिथे निवडीचा प्रश्नच संपला. दोन, शिकाऊ फोमचा बोर्ड आहे, ज्याची प्लास्टिकची फिन वरून आरपार बोल्टने आवळलेली असते. ती बदलायच्या नादी लागू नका. शिकताना मऊ कडेची फिनच बरी, कारण पहिले काही महिने बोर्ड सगळ्यात जास्त वेळा तुमच्या स्वतःच्याच पायावर आपटतो. तीन, तुमच्याकडे हवा भरायचा पॅडलबोर्ड आहे. त्याची पट्टी वेगळी असते. कडक पॅडलबोर्डची फिन मात्र बऱ्याचदा यूएस बॉक्सचीच निघते.

मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक लहान खाच असेल तर तुमचा बोर्ड टू-प्लस-वन आहे, म्हणजे मध्ये एक मोठी आणि कडेला दोन छोट्या. हा निव्वळ सिंगल-फिन म्हणूनही चालवता येतो, फक्त मधली फिन बदलावी लागते. त्याबद्दल मापाच्या भागात.

माप: फुटाला इंच, आणि मग वजाबाकी

जुना ठोकताळा असा की बोर्ड जितके फूट, फिन तितके इंच खोल. ९ फुटी बोर्डाला ९ इंची फिन. खोली म्हणजे बोर्डाच्या तळापासून फिनच्या शेंड्यापर्यंतचं सरळ अंतर. पात्याच्या वळणावरून टेप लावू नका. लाँगबोर्डसाठी हा ठोकताळा खरंच चालतो. ७ ते साडेसात फुटांच्या बोर्डांना ७ ते ८ इंच, ८ फुटीला ८ ते साडेआठ, साडेनऊ फुटीला साडेनऊ ते १०. टू-प्लस-वनमध्ये कडेच्या फिन्स लावल्या असतील तर मधली साडेसहा-सातवर आणा, कारण पकडीचा वाटा त्या दोघी उचलतात. त्या काढल्या आणि मधली तशीच छोटी ठेवली तर ९ फुटी बोर्ड पाटावर साबण लावल्यासारखा घसरतो. हे मी करून बघितलंय, तुम्ही नाही केलंत तरी चालेल.

ठोकताळ्यानंतर वजाबाकी आणि बेरीज सुरू होते, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. पहिली बाब तुमचं वजन. ठोकताळा साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला गृहीत धरतो असं मला वाटतं. साठच्या खाली असाल तर अर्धा इंच कमी करा, पंच्याऐंशीच्या वर असाल तर अर्धा वाढवा. मी बासष्ट किलोचा. माझ्या ९ फूट ४ इंचांवर १० इंची फिन कागदावर फार मोठी नाही, माझ्या पायांखाली मात्र आहे. आता मी सव्वानऊची वापरतो.

दुसरी बाब टेल. हॉट कर्लवाल्यांचं गणित इथे लागू होतं. टेल चौकोनी आणि रुंद असेल तर वळताना तिची एक बाजू वर उचलली जाते आणि फिनही पाण्याबाहेर यायला बघते; तिथे खोली हवी. टेल टोकदार असेल तर तिची कड स्वतःच पाणी धरते, अर्धा इंच सहज कमी चालतो.

तिसरी बाब लाट, आणि गोव्याच्या पट्ट्यात ही सगळ्यात महत्त्वाची. नोव्हेंबर ते मार्च हरमल, मांद्रे, अश्वे, मोरजी या किनाऱ्यांवर सकाळच्या लाटा लहान, मऊ आणि बऱ्याचदा गुडघा ते कंबर असतात. त्या फुटतात वाळूच्या बांधावर. ओहोटीला तिथे पाणी इतकं कमी असतं की १० इंची फिन उतरताना वाळूत घुसते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढे जातो. बॉक्स तडकण्याची निम्मी कारणं अशीच असतात. चेन्नईजवळच्या कोवलमसारख्या ठिकाणी, जिथे लाट लांब आणि भरदार येते, तिथे मोठी फिन तिची किंमत वसूल करते. आपल्या उथळ वाळूवर ठोकताळ्यापेक्षा अर्धा इंच कमीच बरी.

आकार: दोन घराणी

बाजारात शंभर नावं दिसतील, पण आकार मुळात दोन घराण्यांतून येतात. सोयीसाठी मी फिनच्या खालच्या, बोर्डाला टेकणाऱ्या भागाला बुंधा म्हणतो आणि टोकाला शेंडा.

१९६६ ची जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोला झाली. नोज रायडिंग, म्हणजे चालत बोर्डाच्या नाकावर जाऊन उभं राहणं, ही त्या काळची कमाल, आणि त्यात डेव्हिड नुहीवाचा हात धरणारा कुणी नव्हता. जिंकला मात्र ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग. त्याने स्वतः घडवलेल्या ‘सॅम’ या बोर्डावर तो टेलजवळ उभा राहून लाटेच्या पोटात शिरत होता आणि बोर्ड अक्षरशः गिरक्या घेत होता. बोर्ड होता ९ फूट ४ इंचांचा. माझ्या बोर्डाचं नि त्याचं साम्य इथेच संपतं. सॅमखालची फिन जॉर्ज ग्रीनो या कॅलिफोर्नियाच्या माणसाच्या डोक्यातून आलेली होती. ग्रीनो गुडघ्यांवर बसून लाटा पकडायचा आणि जलद पोहणाऱ्या माशांच्या परांकडे बघून फिन बनवायचा. बाजारात ट्यूना, म्हणजे आपला कुपा, दिसला तर त्याची शेपटी एकदा हातात घेऊन बघा. बारीक, उंच, मागे वळलेली, शेंड्याकडे निमुळती. कोळीणबाई "काय बघताय?" असं विचारेल, पण ग्रीनोच्या फिनमागचा विचार असा हातात धरता येतो.

तर एक घराणं या मागे झुकलेल्या फिनचं. बुंधा रुंद, शेंडा अरुंद, आणि मागची कड बुंध्याच्याही मागे जाते. रुंद बुंध्यामुळे वळणातून बाहेर पडताना बोर्ड पुढे रेटला जातो. झुकावामुळे वळण लांब आणि गोलाईचं होतं, लाटेच्या तोंडावर रांगोळीची रेघ ओढावी तसं. ग्रीनोच्या आखणीवरून निघालेली ४-ए ही फिन आजही विकली जाते आणि तिच्या सख्ख्या-चुलत भावंडांनी बाजार भरलेला आहे. पहिली फिन विकत घेताय आणि नोज रायडिंगचं वेड अजून लागलेलं नाही, तर या घराण्यातलीच घ्या. सगळीकडे बरी चालणारी हीच. तिचा आणखी एक फायदा आपल्या किनाऱ्यावर कळतो. झुकलेल्या कडेवरून शेवाळ, प्लास्टिकची पिशवी, तुटक्या जाळ्याचा दोरा मागे घसरून सुटून जातो. उभी फिन हे सगळं गोळा करते.

दुसरं घराणं उभ्या फिनचं, जिला पिव्हट म्हणतात. माझ्या त्या पहिल्या बोर्डाखाली हीच होती. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत रुंदी फारशी कमी होत नाही, मागे झुकाव जवळजवळ नाही, शेंडा भरलेला. आपण चालत नाकावर गेलो की टेल हलकी होते आणि वर यायला बघते. तेव्हा या फिनचा रुंद शेंडा खोल पाण्यात टेलला धरून ठेवतो. परत मागे येऊन टेलवर पाय दाबला की बोर्ड जागच्या जागी, खांबाभोवती फिरावा तसा फिरतो. म्हणून हिचं नाव पिव्हट. चाल मात्र संथ. मोठ्या, वेगवान लाटेवर ही अडखळते. तुमचा बोर्ड जड, कडा गोलसर आणि नाक रुंद असेल तर त्याला ही शोभते. हलक्या, धारदार कडांच्या आधुनिक लाँगबोर्डला लावलीत तर बैलगाडीची चाकं स्कूटरला.

याखेरीज साठच्या दशकातली इंग्रजी डी आकाराची फिन आहे, शेंड्याकडे कुऱ्हाडीसारखी रुंद होत जाणारी हॅचेट आहे, बुंधा कापलेली कटअवे आहे. पहिल्या दोन जुन्या धाटणीच्या बोर्डांची हौस असणाऱ्यांसाठी, तिसरी टू-प्लस-वनच्या मधल्या जागेसाठी. पुढे जा.

फिन हातात असेल तर एक तपासणी जरूर करा. पुढच्या धारेकडून डोळ्यांसमोर धरून बघा. मधली फिन दोन्ही बाजूंनी सारखीच फुगलेली असली पाहिजे. पुढची धार गोलसर, जाडी पुढच्या भागात सगळ्यात जास्त आणि मागची धार पातळ होत गेलेली. स्वस्तातल्या फिन्स बऱ्याचदा नुसत्या फळीसारख्या सपाट असतात, कडा तेवढ्या घासलेल्या. अशा फिनची पकड लवकर सुटते. पैसे वाचवायचेच तर दुसरीकडे वाचवा.

साहित्य आणि लवचिकपणा

फायबरग्लासची भरीव फिन घ्या, ती वर्षानुवर्षं टिकते. साच्यातली प्लास्टिकची फिन स्वस्त असते, बुंध्यापासूनच वाकते, आणि जोरात वळताना हातातली फांदी वाकावी तशी पकड ढिली वाटते. शिकाऊ माणसाला आणि गर्दीच्या जागी तिचा मऊपणा सुरक्षित, एवढं तिच्या बाजूने. लाकडी फिन दिसायला देखणी, पण तिच्यावरचं फायबरग्लासचं आवरण तडकलं की पाणी आत शिरतं आणि लाकूड फुगतं.

चांगली फिन बुंध्याला ताठ आणि शेंड्याला लवती असते. फिन मांडीवर धरून शेंडा अंगठ्याने दाबा. थोडा वाकून लगेच परत आला पाहिजे. हा परत येणारा जोर वळणाच्या शेवटी हलका ढकल देतो. कडक शेंडा जड माणसाला आणि मोठ्या लाटेला बरा, मऊ शेंडा हलक्या माणसाला आणि छोट्या लाटेला. याहून खोलात जायची गरज पहिल्या दोन वर्षांत पडत नाही.

बसवणं: वाळूत नाही, चटईवर

किनाऱ्यावर वाळूत बसून फिन लावणारा माणूस थोड्या वेळाने गुडघ्यांवर रांगत स्क्रू शोधताना दिसतो. घरी चटई पसरा, बोर्ड उलटा ठेवा.

फिनच्या बुंध्याला पुढे एक चपटी जीभ असते, तिला भोक. मागच्या बाजूला एक आडवी पितळी पिन आरपार असते. सोबत एक स्क्रू आणि एक छोटी चौकोनी प्लेट, जिच्यात आटे असतात. आता प्लेटमध्ये स्क्रू दोनच फेरे फिरवा, त्याची दांडीसारखी मूठ होईल. मधल्या तोंडातून प्लेट रुळात उतरवा आणि स्क्रूने ढकलत पुढच्या बाजूला न्या, फिनची जीभ जिथे येणार असेल तिथवर. स्क्रू काढा, प्लेट तिथेच राहू द्या. मग फिन तिरकी धरून मागची पिन त्याच तोंडातून रुळात सोडा, मागे सरकवा, आणि पुढची जीभ खाली दाबून बसवा. जिभेच्या भोकातून प्लेटचे आटे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर फिन थोडी मागेपुढे करा. स्क्रू घाला आणि बोटांनी जाईल तितका फिरवा, मग पेचकसाने पाव-अर्धा फेरा. बस्स. जोर लावून आवळलंत तर प्लेट प्लास्टिकचे रूळ ओरबाडत वर येते, आणि बॉक्स बदलणं हे फिन बदलण्यापेक्षा कितीतरी महाग काम आहे.

फिन बॉक्समध्ये जातच नसेल तर हातोडी आणू नका. बुंध्याच्या दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने थोड्या थोड्या घासा, दर दहा-बारा हातांनंतर बसवून बघा. फायबरग्लासची पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका. पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा. उलट फिन बॉक्समध्ये डुगडुगत असेल तर बुंध्याला दोन्ही बाजूंनी पातळ टेपचा एकेक थर द्या.

स्क्रूबद्दल एक सावधगिरी, जिची किंमत मी मोजलेली आहे. यूएस बॉक्सचा स्क्रू बहुधा अमेरिकन ८-३२ मापाचा असतो, म्हणजे इंचाला बत्तीस आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो मेट्रिक एम-४. जाडी जवळपास सारखीच, आट्यांमधलं अंतर वेगळं. एम-४ त्या प्लेटमध्ये दोन-तीन फेरे जातो, थोडा घट्टही वाटतो, आणि माणूस समजतो बसला. एका रविवारी मी तसाच समजलो. तिसऱ्या लाटेवर बोर्ड अचानक गोल फिरायला लागला, उलटा करून बघतो तर बॉक्स रिकामा. छातीएवढ्या पाण्यात तासभर पायाने चाचपडत होतो. फायबरग्लास तरंगत नाही. म्हणून स्क्रू आणि प्लेट नेहमी जोडीने विकत घ्या, स्टेनलेस स्टीलची, आणि दोन जोड्या जास्तीच्या घेऊन गाडीच्या कप्प्यात टाका.

आता सरकवा

सुरुवात बॉक्सच्या मध्यापासून करा. फिनच्या मागच्या धारेचं, बुंध्यापाशी, टेलच्या टोकापासूनचं अंतर मोजा आणि बॉक्सशेजारी पेन्सिलने खूण करा. तारीख टाकली तर उत्तम. आणि त्या जागी किमान तीन सकाळी काढा, कारण पहिल्या सकाळी आपण लाट नाही, स्वतःची झोप मोजत असतो.

सर्वसाधारण नियम सोपा आहे. फिन मागे नेली की बोर्ड स्थिर, सरळ आणि हट्टी होतो. पुढे आणली की सैल, चपळ आणि थोडा बेभरवशाचा. नाकावर चालायचं असेल तर मध्यापेक्षा किंचित मागे बरी, टेलवरून वळणं काढायची असतील तर किंचित पुढे. एका वेळी पाव इंच, फार तर अर्धा. अर्धा इंच म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं अंतर, पण पायाला ते स्पष्ट कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. फिनही बदलली आणि जागाही, तर फरक कशाने पडला हे कळायला ज्योतिषी लागेल.

काय जाणवलं तर काय करायचं, हे माझ्या वहीतलं. लाटेच्या पायथ्याशी वळताना टेल सटकते: पाव इंच मागे. तरीही सटकते: अर्धा इंच मोठी फिन. बोर्ड सरळ रेषेतही डुलतो, पायाखाली स्वस्थ राहत नाही: मागे. वळवायला पाय आपटावा लागतो, वळण उशिरा सुरू होतं: पुढे, आणि पुढच्या टोकाला पोचूनही हट्टीच असेल तर लहान किंवा कमी बुंध्याची फिन. बोर्ड वळतो पण वळणातून बाहेर येताना मरगळतो: बुंधा कमी पडतोय, मागे झुकलेली, रुंद बुंध्याची फिन बघा. नाकावर गेलं की टेल हवेत जाते: मागे, नाहीतर पिव्हट. वेगात असताना खालून बारीक गुंजन ऐकू येतं: मागच्या धारेवर खवला पडलाय किंवा ती जाड आहे. ४०० नंबरच्या पेपरने दोन्ही बाजूंनी सारखी घासा, गुंजन बहुतेकदा थांबतं.

बॉक्सच्या एका टोकाला पोचूनही समाधान झालं नाही, तर आणि तेव्हाच दुकान. त्या क्षणी तुम्हाला नेमकं काय हवं ते माहीत असतं. "चांगली फिन द्या" न म्हणता "आत्ता १० इंची पिव्हट आहे, पुढच्या टोकाला आणूनही वळत नाही, वजन बासष्ट, सव्वानऊची मागे झुकलेली बघतोय" असं म्हणता येतं. वाया गेलेल्या खरेदीत आणि उपयोगी खरेदीत फरक पडतो तो या वाक्याने.

रापण, मीठ आणि पावसाळा

गोव्यात सकाळी रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असते त्या बाजूला जाऊ नका. दोर पाण्याखाली असतो, दिसत नाही, आणि फिन त्यात अडकली तर नुकसान मच्छीमारांचंही होतं. एकदा काठावरून आवाज आला, "थंय वचूं नाका, जाळें आसा!" मी हात केला आणि दोनशे मीटर लांब जाऊन बसलो. सांगितलं नसतं तर माझी पिव्हट त्यांच्या दोरात गुंतलीच असती.

पाण्यातून आल्यावर बॉक्समध्ये गोड्या पाण्याची धार सोडा, वाळू निघून जाईल. महिन्यातून एकदा स्क्रू काढून परत घाला, नाहीतर मिठाने तो प्लेटला असा धरतो की काढताना डोकंच घासून जातं. शेंड्याला टवका गेला तर रेझिनचा ठिपका देऊन, सुकल्यावर घासून घ्या. तशीच वापरलीत तर ती कडा पिंडरीला ब्लेडसारखी लागते.

जूनमध्ये किनाऱ्यावर लाल बावटे लागले की आमचा बोर्ड माळ्यावर जातो. त्याआधी फिन काढायची. स्क्रू आणि प्लेट एकमेकांत फिरवून, त्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायचं. डबीवर मी मागच्या वर्षीचं अंतर लिहून ठेवलंय: टेलपासून सव्वासात इंच. ऑक्टोबरात तिथूनच सुरुवात.